मासे बसविल्याची हकीकत

श्री. पाणी ज्या भांड्यात घालावे त्याचा आकार घेते, पण ते भांडे कशावर ठेवावे हे पाणी सांगत नाही. तस्मात् प्रथम पाण्यास नमन, मग काचेस, मग सागवानास, आणि ज्यांच्या घरात ही तिन्ही एकत्र आली त्या मातुश्री हेमलताबाईसाहेबांस तीनदा नमन करून हकीकत सांगतो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, महिना माघ. तिथी विचाराल तर कॅलेंडर स्वयंपाकघराच्या दारामागे, आणि त्या दिवसांत त्या दाराशी जायची आमच्यात कोणाची छाती नव्हती. आता ऐका, आणि मध्ये बोलू नका, मध्ये बोललात की माझा धागा तुटतो.

राज्य म्हणाल तर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, दुसरा मजला, पूर्वेस जिना आणि पश्चिमेस शेजाऱ्यांची वाळत घातलेली चादर, इतकी सरहद्द. गादीवर मातुश्री. गादी म्हणजे लाकडी खुर्ची, आणि खुर्चीसमोर शिलाईचे मशीन, तेच सिंहासन आणि तोच तोफखाना, कारण उभ्या पेठेतल्या लग्नांचे ब्लाऊज त्या मशीनवरून उतरत आणि मशीन चालू झाले की खालच्या मजल्यावरचे लोक टीव्हीचा आवाज वाढवीत. महाराज सुधाकरराव, म्हणजे वडील, हे वर्तमानपत्राच्या तटाआड राहत आणि कोणत्याही पक्षास मिळत नसत. आणि युवराज निहार, वय बावीस, आपला निहार. तर झाले असे की निहारचा एक मित्र नोकरीस परगावी निघाला आणि जाताना आपला फिशटँक निहारच्या हवाली करता झाला, दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच, आत सात मासे. त्यांतला एक टपोरा, केशरी, गालफुगा. त्याचे नाव तांबड्या, पण ही बखर आहे म्हणून आपण तांबडोजीराव म्हणू. आणि नेमक्या त्याच दिवसांत मातुश्री दहा दिवस माहेरी गेलेल्या, आणि घरात दोन फुटांची सपाट मोकळी जागा एकच, ती म्हणजे मिटवलेले शिलाई मशीन. मग निहारने काय करावे. त्याने टाकी मशीनवर ठेवली आणि वर म्हणाला, "दोनच दिवस." आणि मातुश्री परत आल्या तेव्हा त्या दोन दिवसांचे नऊ झाले होते.

मातुश्री दारात उभ्या राहिल्या, पिशवी खाली ठेविली नाही, आणि टाकीकडे पाहून बोलत्या जाहल्या, "हे काय आहे?"

निहार म्हणाला, "मासे."

"ते मला दिसतंय. मशीन कुठंय?"

"खाली."

"कशाच्या खाली?"

तर निहार म्हणाला, "माशांच्या," आणि हे उत्तर खरे असले तरी द्यायला नको होते, असे आमचे सर्वांचे मत पडले. मग मातुश्रींनी महाराजांकडे पाहिले, आणि महाराजांनी पान उलटले. मग तह झाला. तहाची कलमे मातुश्रींनी उभ्या उभ्या सांगितली. पहिले असे की सोमवारपासून भोसेकरांच्या लग्नाचे अकरा ब्लाऊज मशीनवर यायचे आहेत, तेव्हा रविवारी दुपारी बाराच्या आत मशीन मोकळे पाहिजे. दुसरे असे की लोखंडी स्टँड आणायचा नाही, फरशीला गंजाचे डाग पडतात आणि डाग मीच घासते. तिसरे असे की जे काही आणाल ते लाकडाचे आणि शोभिवंत पाहिजे, कारण गिऱ्हाइकं त्याच्यासमोर बसणार, आणि समोर फळकुटं दिसली तर बाई ब्लाऊजपण फळकुटासारखा शिवत असेल असं त्यांना वाटतं. आणि बारापर्यंत हे झाले नाही तर मासे बागेतल्या हौदात जातील. हे ऐकून निहारचा चेहरा उतरला, कारण बागेतल्या हौदात एक कासव आहे आणि ते शाकाहारी नाही, हे अख्ख्या गावाला माहीत. मागल्या वर्षी कोणी तरी तिथे पाच मासे सोडले होते, आणि संध्याकाळपर्यंत हौदात कासव होते.

मग निहार, मी आणि आमचा दोस्त इंद्या अशी तिघांची मसलत बसली, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. निहारला बी.कॉम.ची परीक्षा होती, मला सुताराची भाषा येत नाही, म्हणून वकिली इंद्याकडे गेली, कारण इंद्याकडे गाडी आहे आणि इंद्याला कोणाशीही बोलायला लाज वाटत नाही. शोभिवंत काम कोण करतो म्हणून चार ठिकाणी विचारले, तर चारही ठिकाणी एकच नाव निघाले, महादू मिस्त्री. हात असा की लाकडाला कमळ फुटते, लोक म्हणाले. पण महादू मिस्त्री गेली चाळीस वर्षे फक्त देव्हारेच करतात, दुसऱ्या कशाला हात लावत नाहीत, हे कोणी सांगितले नाही. आपण विचारलेच नाही. तर इंद्या गेला, आणि मिस्त्री तेव्हा रंधा मारत होते, भुसा उडत होता, मागे कोणाचे तरी करवतीचे मशीन किंचाळत होते, आणि त्या गोंगाटात जे बोलणे जाहले ते मी इंद्याच्या तोंडून दहा वेळा ऐकले आहे, ते जसेच्या तसे सांगतो.

मिस्त्री म्हणाले, "काय बसवायचंय?"

इंद्या म्हणाला, "मासे."

मिस्त्रींचा रंधा थांबला. "मासे?"

"मासे. एक मोठा आहे, बाकी सहा बारके."

"म्हंजे मुख्य एक, आन् बाकीचा परिवार."

"हां, परिवारच म्हणा," इंद्या हसून म्हणाला.

"घरात? का बाहेर मंडप हाय?"

"घरात. बाहेरच्या खोलीत. आमच्या मित्राच्या आईचा हुकूम आहे, एकदम शोभिवंत पाहिजे. बायका येतात ना, समोर बसतात."

"किती येत्यात?"

"लग्नसराईत रोज दहा-बारा."

मिस्त्रींनी टोपी नीट केली. "वजन?"

"सत्तर किलो धरा."

"सत्तर." मिस्त्रींनी रंधा बाजूला ठेविला आणि म्हणाले, "लई दांडगं काम. माप सांगा." इंद्याने माप सांगितले, दोन बाय एक बाय सव्वा, आणि बसल्यावर डोळ्यासमोर आले पाहिजेत असेही सांगितले. मिस्त्री म्हणाले, "आडवी हाय तर. उजेडाचं काय?"

"वरून लाइट लागतो. रोज आठ तास."

"पाणी?"

"आठवड्यातून एकदा. सगळं नाही, थोडं थोडं."

"अभिषेक आठवड्याला एक झाला तरी चालतो, भाव पायजे. आन् निवेद?"

"सकाळ-संध्याकाळ. चिमूटभर."

"चिमूटभरच असावा," मिस्त्री म्हणाले, "भरमसाट वाढून पुन्हा आपणच खायचं, त्याला काय अर्थ हाय?"

इंद्या परत आला तो हसत हसतच, म्हणाला, "मिस्त्री भन्नाट विनोदी माणूस आहे रे, चेहरा जरासुद्धा हलवत नाही." आणि आम्ही सगळे हसलो. आणि तिकडे मिस्त्री हसत नव्हते. आता कळले ना तुम्हाला काय घोळ झाला तो? आपण मराठी माणसे मोठ्या माणसाला एकवचनात बोलत नाही. वडील आले, साहेब आले, तसेच मासे बसवायचे आहेत. मिस्त्रींना वाटले, पोरगं वरून उनाड दिसतं पण संस्कार आहेत, देवाला अहोजाहो करतं. म्हणजे मत्स्यावतार. सत्तर किलोचा, आडवा, पंचधातूचा असणार. चाळीस वर्षांत मिस्त्रींनी गणपतीचे देव्हारे केले, अन्नपूर्णेचे केले, बाळकृष्णाचे तर किती केले त्याला गणती नाही, पण दशावतारांतला पहिला अवतार, त्याचा देव्हारा कोणी सांगायलाच आले नव्हते, आणि हे त्यांच्या मनात फार दिवस होते, असे मागाहून त्यांच्या कारभारीणबाई शेवंताबाईंनी सांगितले. मग मिस्त्रींनी बाकीची कामे बाजूला सारिली, आणि जपून ठेवलेली सागवानी तुळई काढिली, आणि हाताखालच्या माणसास सांगितले की या कामाला खिळा लागणार नाही, सगळे कुसू, म्हणजे लाकडात लाकूड अडकवायचे सांधे, आणि खुंट्या.

आमचा जीव इकडे टांगणीला. बुधवारी निहार फोन करता जाहला, तर मिस्त्री म्हणाले, "घडताना बघू नये." शुक्रवारी केला तर म्हणाले, "रविवारी घेऊन येतो, तुम्ही सगळे आंघोळी करून तयार राहा." निहार फोन ठेवून म्हणाला, "आंघोळ कशाला?" तर इंद्या म्हणाला, "अरे विनोद आहे." आणि शनिवारी मातुश्रींनी एक झाकणवाली बादली आणून टाकीशेजारी ठेविली, बागेत न्यायची. ती बादली पाहून निहारला जेवण गेले नाही, आणि तांबडोजीराव मात्र काचेला तोंड लावून त्या बादलीकडे पाहत होते, त्यांना कशाची कल्पना.

मग रविवार आला. सकाळचे साडेदहा, आणि खाली टेम्पो थांबला, आणि आम्ही गॅलरीतून पाहतो तर टेम्पोत लाल कापडाने झाकलेले काहीतरी उभे, आपल्या निहारपेक्षा उंच, आणि शेजारी महादू मिस्त्री धुतलेल्या धोतरात, आणि शेवंताबाई नऊवारीत, मांडीवर कसलेसे गाठोडे आणि हातात नारळ. इंद्या हळूच म्हणाला, "नारळ का आणलाय?" आणि त्या घटकेस प्रथमच त्याला वाटले की हा विनोद नसावा. मग चौघांनी ते वर चढविले. जिन्यात दोनदा अडकले, एकदा बोटे चेंगरली आणि ती माझी होती, आणि दारे उघडून लोक पाहू लागले, आणि एक आजोबा तर पाहताच चपला काढून उभे राहिले. वर आल्यावर मिस्त्रींनी पूर्व कुठली ते विचारले, आणि पूर्वेकडे पाठ करून ते लाल कापड ओढिले.

काय सांगू. खाली हत्तीच्या पायांसारखे चार पाय, त्यावर कमळांची पट्टी, त्यावर चार खांब, खांबांवर लाटा, आणि पुढच्या दोन खांबांवर वर चढणारा एकेक मासा, खवला न् खवला कोरलेला. दोन खांबांमध्ये महिरप, महिरपीला घंटा, आणि या सगळ्यावर शिखर. लाकूड असे गुळगुळीत की त्यात आपला चेहरा ओळखू यावा. मातुश्री स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या, आणि सवयीने त्यांचे हात जोडले गेले, आणि जोडले गेल्यावर त्यांनी ते पाहिले आणि सोडले.

मिस्त्री म्हणाले, "मूर्ती आणा."

निहारने बोट दाखविले. मिस्त्रींनी बोटाच्या दिशेने पाहिले. शिलाई मशीन, त्यावर टाकी, आत बुडबुडे, आणि बुडबुड्यांत तांबडोजीराव, आणि तांबडोजीरावांनी मिस्त्रींकडे पाहून तोंड उघडले आणि मिटले.

"ह्ये काय?"

"मासे," निहार म्हणाला.

"ह्ये मासे?"

"मी मासेच म्हणालो होतो," इंद्या भिंतीला टेकत म्हणाला.

"म्हणालास तू. पण मासे म्हणालास, मला वाटलं आदरानं म्हणतोयस." मिस्त्री खाली बसले. "मत्स्यावतार हाय म्हणून केलं मी ह्ये. देवाचं घर हाय. त्यात मी ह्ये ठेवू?" आणि मग त्यांनी हवेत नाक फिरवले आणि विचारले, "आन् वास कशाचा येतोय?"

आता या राज्यात महाराज सुधाकररावांनी सबंध मोहिमेत एक अक्षर उच्चारले नव्हते, आणि तेही बरेच होते. पण नेमके याच वेळी त्यांनी वर्तमानपत्र खाली केले आणि म्हणाले, "बांगडा. रविवार आहे ना आज." आणि पुन्हा वर केले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण मिस्त्री उठले आणि लाल कापड घड्या घालू लागले, म्हणाले, "उचला. परत नेतो."

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटे. निहार म्हणाला, "मिस्त्री, बाराला मासे हौदात जातील हो." मिस्त्री म्हणाले, "मी काय करू?" निहार म्हणाला, "हौदात कासव आहे." मिस्त्री म्हणाले, "ते कूर्मावतार. आधी मासे म्हणालात, आता कासव म्हणताय. तू बोलूच नको." आणि निहारच्या डोळ्यांत पाणी आले. मी पाहिले, हे मी वाढवून सांगत नाही. आणि इंद्याने खालच्या टेम्पोवाल्याला हाक मारायला तोंड उघडले, तोच कोपऱ्यातून शेवंताबाई बोलल्या. त्या आल्यापासून खुर्चीवर गाठोडे मांडीवर घेऊन बसल्या होत्या, मातुश्रींनी दिलेला चहा पीत होत्या, आणि बशी खाली ठेवून म्हणाल्या, "अवो, पण देव्हारा झालाय कुठं?"

मिस्त्री म्हणाले, "म्हंजे?"

"कळस हितं हाय न्हवं, माझ्या मांडीवर. चाळीस वरसं तुम्हीच सांगताय मला, कळस चढला की देव्हारा, तवर नुसतं लाकूड. टेम्पोत मी एवढ्यासाठीच सांभाळत आले त्याला. मग जे उभं हाय ते लाकूडच हाय की. लाकडात कुणी मासे ठेवो न्हाईतर बटाटे."

मिस्त्री गाठोड्याकडे पाहू लागले. त्यांचाच कायदा त्यांच्याच घरच्या माणसाने त्यांना वाचून दाखविला, यावर दाद कोणाकडे मागायची. "पण शिखर?" ते म्हणाले. शेवंताबाई म्हणाल्या, "शिखर खुंट्यांवर हाय. काढा, ठेवा घरी. न्हाईतरी वरून झाकण असलं तर ही पोरं चिमूट टाकणार कुठून?" आणि हे इतके बरोबर होते की आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आले नव्हते. मग मिस्त्रींनी सावकाश चार खुंट्या ठोकून काढिल्या, आणि शिखर उतरविले, आणि घंटा काढून खिशात घातली, आणि राहिली ती कमळांची बैठक, लाटांचे खांब आणि दोन मासे. घड्याळात अकरा पंचवीस. निहार बादल्या आणायला धावला, मी पाणी उपसायची नळी धरली, आणि आम्ही म्हटले, जिंकली लढाई.

कशाची जिंकता. मिस्त्री टाकीसमोर जाऊन उकिडवे बसले होते. पाच मिनिटे बसले, सात मिनिटे बसले. तांबडोजीराव या काचेकडून त्या काचेकडे जात, आणि मिस्त्रींची मान त्यांच्यामागे जाई. मग मिस्त्री उठून खांबावरच्या माशाकडे गेले, आणि परत टाकीकडे आले, आणि निहारला विचारले, "ह्यो डोळा मिटत न्हाई?"

"नाही. माशाला पापणी नसते."

"झोपतो कसा मंग?"

"उघड्या डोळ्यांनीच."

मिस्त्री म्हणाले, "माझे दोन्ही मासे झोपल्यात." आणि आम्ही पाहिले तर खरेच. देवाचे डोळे अर्धे मिटलेले असतात, ध्यानाचे, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने मिस्त्रींच्या हाताने माशांनाही तसेच डोळे दिले होते, अर्धवट झाकलेले, शांत. मिस्त्रींनी पिशवीतून पटाशी काढिली. निहार म्हणाला, "मिस्त्री, आधी टाकी ठेवू, डोळे मग करा." मिस्त्री म्हणाले, "टाकी ठेवल्यावर हातोडी मारू व्हय? काच तडकली तर? आधी डोळे." निहार म्हणाला, "पंचवीसच मिनिटं आहेत." मिस्त्री म्हणाले, "मासे झोपलेले ठिवून मी जिना उतरणार न्हाई." आणि जमिनीवर मांडी घातली.

मग जे झाले ते पाहायला पाहिजे होते तुम्ही. मिस्त्री पटाशीवर हातोडीचे इतके हलके टोले घालीत की चिमणीने दाणा टिपावा, आणि प्रत्येक चार टोल्यांनंतर मान वळवून टाकीत पाहत, आणि तांबडोजीराव नेमके तेव्हा पाठ फिरवीत, मग मिस्त्री थांबत, आणि आम्ही सगळे काचेवर बोटे वाजवून तांबडोजीरावांना वळवीत असू. "इकडं बघ की रे," मिस्त्री म्हणत, "एवढा काय भाव खातोस." अकरा चाळीसला एक पापणी गेली. अकरा पंचेचाळीसला बुबुळ निघाले. मग दुसरा खांब. आणि मातुश्री या सर्व काळ स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, एकदा घड्याळाकडे, एकदा मिस्त्रींच्या हाताकडे. निहार त्यांच्या जवळ जाऊन म्हणाला, "आई, दहा मिनिटं वाढवून दे ना." मातुश्री म्हणाल्या, "मी काही बोलले का?" आणि हे होकारार्थी की नकारार्थी हे त्या घरात आजवर कोणास कळलेले नाही. अकरा पंचावन्न झाले, मिस्त्रींनी फुंकर मारली, भुसा उडाला, पुन्हा पाहिले, आणि म्हणाले, "हा जरा जास्त घाबरल्यासारखा दिसतोय," आणि पुन्हा पटाशी लावली. मी डोळे मिटून घेतले. बाराचा भोंगा झाला. कारखान्याचा भोंगा तो, सगळ्या गावाला ऐकू येतो, खोटे बोलायची सोय नाही. टाकी मशीनवर. पाणी टाकीत. मासे पाण्यात. आणि मिस्त्री डोळ्यात.

बारा वाजून चार मिनिटांनी मिस्त्रींनी हत्यार खाली ठेविले. मग आम्ही झडप घालून निम्मे पाणी उपसले, मासे बादलीत काढले, आणि काढले ते नेमके त्या हौदाच्याच बादलीत, दुसरी मोकळी नव्हती. मग चौघांनी टाकी उचलून खांबांच्या मधून सरकवली, तर ती अशी बसली की दोन्ही अंगांना दोन सूत जागा, ना कमी ना जास्त, आणि लाकूड कुठे कुरकुरले नाही, कारण ते सत्तर किलोच्या देवासाठी केलेले. आणि सगळे झाल्यावर निहार बादलीला दोन्ही हातांनी धरून मातुश्रींसमोर उभा राहिला, आणि बादलीत तांबडोजीराव.

मातुश्री म्हणाल्या, "किती वाजले?"

निहार म्हणाला, "सव्वाबारा."

"बाराला काय ठरलं होतं?"

मिस्त्री मध्ये आले, म्हणाले, "बाई, उशीर माझ्यामुळं झाला."

मातुश्री म्हणाल्या, "बघत होते मी. तुम्ही तो डोळा तसाच ठेवून टाकी बसवली असती, तर मी मासे नाही, तुमचं लाकूड परत पाठवलं असतं." आणि मग त्या खांबाजवळ गेल्या, उघड्या डोळ्यावरून अंगठा फिरविला, जसा त्या टाक्यावरून फिरवतात तसा, आणि म्हणाल्या, "चुकलेलं तसंच गिऱ्हाइकाच्या हातात देता येत नाही. मलाही येत नाही. म्हणून सांगते, मिस्त्रींचा उशीर मिस्त्रींना माफ." निहारने श्वास सोडला. "तुमचा नाही," मातुश्री म्हणाल्या. "आज सकाळी हुकांचं काम उरकणार होते, ते तुमच्या गडबडीत राहिलं. अकरा ब्लाऊजच्या हुकपट्ट्या मी हातानं शिवून ठेवल्यात, दर ब्लाऊजला सहा हुक, सहा काजं. मासे टाकीत सोडा, हात धुवा, आणि तिघंही इथं खाली बसा. सुई-दोरा मी देते. हुक लागले तर मासे राहतील."

इंद्या म्हणाला, "काकू, मला सुईत दोरा ओवता येत नाही."

मातुश्री म्हणाल्या, "मासे बसवायला सांगता येत होतं."

मग निहारने टाकीत मासे सोडिले, आणि तांबडोजीरावांनी एक फेरी घातली, आणि लाकडी माशासमोर येऊन थांबले, आणि तो उघड्या डोळ्यांनी त्यांच्याकडे आणि ते उघड्या डोळ्यांनी त्याच्याकडे. मिस्त्री जाताना दारातून दोनदा वळून पाहते जाहले. शेवंताबाईंना मातुश्रींनी वाटीभर बांगड्याचे कालवण दिले. मिस्त्री "आम्ही न्हाई खात" म्हणाले, आणि शेवंताबाई "तुम्ही न्हाई खात" म्हणून वाटी घेत्या जाहल्या. महाराजांनी पान उलटले.

येणेप्रमाणे हकीकत. सारांश असा की स्टँड शोभिवंत झाला. मशीन मोकळे झाले आणि सोमवारी सकाळी आठाला चालू झाले. मासे सातही राहिले आणि कासव उपाशी. शिखर आणि कळस मिस्त्रींच्या दुकानी आहेत, खऱ्या मत्स्यावताराच्या प्रतीक्षेत. कोणाच्या पाहण्यात असेल तर कळवावे, पण अनेकवचनात बोलू नये. हुक सहासष्ट लागले. पैकी अडतीस डाव्या बाजूस लागले, ते उजव्या बाजूस पाहिजे होते. उसवण्याचे काम चालू आहे. इंद्या दोरा ओवतो आहे. मी पाच मिनिटांची सुट्टी मागून हे सांगायला आलो होतो, तर आता जातो.